देवगिरीची अंधेरी अल्लाउद्दिनाने ओलांडली होती का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण परभणीहून मुलीला घेऊन देवगिरी पाहायला गेलात, वाटाड्याने मशाल पेटवून अंधेरी, म्हणजे वर जाण्याच्या वाटेवरचा अंधारा बोगदा, दाखवली, आत शिरलेल्या शत्रूची काय गत होई ते रंगवून सांगितले आणि बाहेर उजेडात आल्यावर मुलीने विचारले, "मग अल्लाउद्दीन वर कसा गेला?" वाटाड्याला उत्तर देता आले नाही आणि आपल्यालाही आले नाही. शिवाय तिला शाळेच्या प्रकल्पासाठी किल्ल्याचा आराखडा काढायचा आहे आणि कोणता भाग कोणी बांधला हे त्यावर लिहायचे आहे.

उत्तर एका वाक्याचे आहे: अल्लाउद्दीन खिलजी वर गेलाच नाही. जिंकण्यासाठी त्याला वर जाण्याची गरजच पडली नाही. मात्र आराखड्याची अडचण याहून खोल आहे, कारण आपण आणि आपल्या मुलीने आज जो किल्ला पाहिला तो अल्लाउद्दिनाने पाहिलेला किल्ला नव्हे. दिल्ली दरवाजातून आत शिरून वरच्या बारादरी महालापर्यंत जाताना आपण पाच-सहा शतकांतून चालत असतो आणि पाटीवरचे मात्र "यादवांचा किल्ला" एवढेच डोक्यात राहते. एकाच हाताने, एकाच वेळी, एकाच शत्रूसाठी हे सगळे बांधले असे धरले की कोणताच प्रश्न सुटत नाही. मी पंचवीस वर्षे जुन्या वास्तूंची मोजमापे घेऊन नकाशे काढण्याचे काम करतो, त्यांतली बरीच वर्षे मराठवाड्यातल्या किल्ल्यांवर गेली आहेत, आणि या कामात पहिली चूक मीही हीच केली होती. ती पुढे सांगतो.

आधी डोंगर पाहावा. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याने सुमारे पंधरा किलोमीटरवर हा शंकूसारखा डोंगर सपाटीवरून जवळजवळ २०० मीटर उंच उठतो. सह्याद्रीतल्या गडांसारखी त्याला दुसऱ्या डोंगराशी जोडणारी सोंड नाही, माच्या नाहीत, वर ऐसपैस पठारही नाही. सोंड नाही ही मोठी सोय, कारण सगळ्या बाजू सारख्याच अवघड करता येतात. पठार नाही ही मोठी गैरसोय, कारण वर फौज, धान्य आणि जनावरे ठेवायला जागा नाही. देवगिरीचा पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टींच्या ओढाताणीतून घडला, असे माझे मत आहे. डोंगर अभेद्य होता, पण राजधानी डोंगरावर मावत नव्हती. ती पायथ्याशी पसरली, आणि पायथा राखण्यासाठी कोटामागून कोट घालावे लागले. म्हणूनच औसा, परांडा, नळदुर्ग यांसारखा भुईकोट आणि त्याच्या पोटात एक गिरिदुर्ग, अशी देवगिरीची खरी जात आहे. नुसता डोंगरी किल्ला म्हणून त्याच्याकडे पाहिले की निम्मा किल्ला नजरेआड होतो.

पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास येथे यादवांची राजधानी वसवली. सिंघणाच्या काळात राज्य सर्वाधिक पसरले. महादेव आणि रामचंद्र यांच्या कारकिर्दीत हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, येथूनच कारभार पाहत होता. शंभरेक वर्षे हे नगर श्रीमंत होत गेले, आणि ती श्रीमंतीच अल्लाउद्दिनाला १२९६ मध्ये इकडे घेऊन आली. तो तेव्हा सुलतान नव्हता, उत्तरेतल्या कडा प्रांताचा सुभेदार होता. चुलत्याला, म्हणजे जलालुद्दीन खिलजीला, पत्ता न लागू देता तो एलिचपूरमार्गे अचानक देवगिरीसमोर उभा राहिला. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली होती. रामचंद्र किल्ल्यात शिरला, खालचे नगर लुटले गेले, आणि दिल्लीहून आणखी मोठे सैन्य मागून येत आहे अशी हूल अल्लाउद्दिनाने उठवून दिली. शंकरदेव परतला, लढला आणि हरला. त्यानंतर रामचंद्राने खंडणी देऊन तह केला. घाईघाईत किल्ल्यावर चढवलेल्या गोण्यांत धान्य समजून मीठ नेले गेले होते, ही कथा आपण ऐकली असेलच. ती सांगणारा इतिहासकार फिरिश्ता घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे गोण्यांत नेमके काय होते यावर मी पैज लावणार नाही. पण कथेचा गाभा मला पटतो: किल्ल्याचा कडा हरला नाही, कोठार हरले.

आता अंधेरीकडे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी येथे आणली आणि गावाचे नाव दौलताबाद झाले. त्याच्या काळात आलेल्या प्रवासी इब्न बतूताने या ठिकाणाचे तीन भाग सांगितले आहेत: दौलताबाद, कटक आणि वरचा बालेकिल्ला देवगीर. बालेकिल्ल्याबद्दल तो दोन गोष्टी सांगतो. सपाटीवरचा हा खडक तासून काढलेला आहे, आणि वर जाण्यासाठी कातड्याची शिडी आहे, ती रात्री ओढून घेतात. या दोन वाक्यांतून माझ्यासारख्या नकाशे काढणाऱ्याला पुष्कळ मिळते. पहिले म्हणजे डोंगराच्या खालच्या भागाचा जो उभा कडा आज दिसतो तो चौदाव्या शतकाच्या मध्यापूर्वी तासला गेला होता. तोफांच्या आधीचे हे काम आहे. चढणाऱ्या माणसाला रोखणे एवढाच त्याचा हेतू. दुसरे म्हणजे त्या काळी वर जाण्याची वाट आजच्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांची नव्हती, निदान शेवटचा टप्पा तरी तुटक होता. तेव्हा "अल्लाउद्दीन अंधेरीतून कसा गेला" या प्रश्नात, आजची वाट त्या वेळी होतीच, हे आपण न तपासता धरून चालतो. खडकात कोरलेल्या काही खोल्या आणि लेणीवजा जागा अंधेरीच्या आधीच्या आहेत, आणि अंधेरीने त्यांच्यापैकी काहींना आपल्या वाटेत ओढून घेतले आहे, असे तिथली छिन्नीची खूण पाहून मला वाटते. कोरीव लेण्यातली भिंत सरळ आणि बारीक टाचलेली असते. बोगद्याची भिंत ओबडधोबड, घावांची दिशा बदलत जाणारी. बॅटरी भिंतीला समांतर धरली की घावांच्या सावल्या पडतात आणि फरक लगेच कळतो. पुढच्या वेळी मुलीला हे जरूर करायला सांगा. मशालीच्या खेळापेक्षा तिला ते जास्त आवडेल.

अंधेरीची रचना मात्र खरोखर हुशारीची आहे. खंदकावरचा पूल ओलांडला की दरवाजा, चौक आणि मग बोगद्याचे तोंड लागते. बोगदा चढत जातो, वळत जातो, पायऱ्यांची उंची सारखी नाही, आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण घालून त्यावर आग पेटवण्याची सोय होती. धूर आत भरला की खालच्या माणसाला माघारीशिवाय गत्यंतर नसे. पहिल्यांदा मोजणी केली तेव्हा आमचा हिशेब जुळेना. खालून वर मोजत गेलो, बाहेरच्या बाजूने तीच दोन टोके जोडली, तर नकाशावर बोगद्याचे वरचे तोंड कड्याच्या बाहेर हवेत लोंबकळताना दिसू लागले. वटवाघळांच्या विष्ठेने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर दोरी धरून दुसऱ्यांदा मोजले तेव्हा कळले की एका वळणाचा कोन आम्ही चुकवला होता. अंधारात आपण वळलो तेवढे वळलो असे कोणालाच वाटत नाही. टेप आणि होकायंत्र हातात असलेल्या चार माणसांची ही अवस्था, तर ढाल-तलवार घेऊन शिरलेल्याची काय झाली असती! पण त्यात कोणी शिरून मेला का, याचे उत्तर इतिहासात शोधत बसू नये. अंधेरीचे काम शत्रूला मारण्याचे नव्हतेच. त्या वाटेने जाण्याचा विचार त्याच्या मनातून काढून टाकण्याचे होते.

मग इतका बळकट किल्ला इतक्या वेळा हातचा कसा गेला, हा ओघाने येणारा दुसरा प्रश्न. येथे प्रत्येक वेळची परिस्थिती वेगळी होती हे मान्य करून एकेक प्रसंग पाहावा. १३१२ च्या पुढे शंकरदेव मारला गेला आणि १३१८ च्या सुमारास यादवांच्याच हरपाळदेवाचा अंत झाला, ते मोकळ्या मैदानावरच्या आणि पाठलागाच्या लढाईत. १३४५-४७ च्या दरम्यान दख्खनच्या अमिरांनी बंड केले तेव्हा किल्ला आतूनच त्यांच्या हाती गेला. खुद्द मुहम्मद तुघलक चालून आला, त्याने बाहेर त्यांचा पराभव केला, वेढा घातला, पण गुजरातेत दुसरे बंड उठल्यामुळे त्याला निघावे लागले, आणि त्यातून बहमनी राज्य उभे राहिले. अहमदनगरच्या मलिक अहमदची रीत तर शेतकऱ्याला लगेच समजेल अशी आहे: तो दरवर्षी सुगीच्या तोंडावर येऊन दौलताबादच्या भोवतालची पिके उद्ध्वस्त करी. वर्षामागून वर्षे असे झाल्यावर आणि किल्लेदार मलिक अश्रफ वारल्यावर १४९९ मध्ये शिबंदीने, म्हणजे किल्ल्यातल्या फौजेने, किल्ल्या त्याच्या हवाली केल्या. एक दगडही न हलवता!

१६३३ चा मोगलांचा वेढा सर्वांत शिकण्यासारखा आहे, कारण त्या वेळी बाहेरचे कोट उभे होते, तोफा होत्या आणि दोन्ही बाजूंना जाणते लोक होते. निजामशाहीची राजधानी तिचा वजीर मलिक अंबर याच्या काळात येथे आली होती. अंबर १६२६ मध्ये वारला, १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांचा याच किल्ल्यात दगाबाजीने खून झाला आणि निजामशाहीचे मराठे सरदार दुरावले. (जाधवराव आपले कूळ देवगिरीच्या यादवांशी जोडत, त्यांचा शेवट तेथेच व्हावा याचे मला प्रत्येक फेरीत वाईट वाटते.) पाठोपाठ १६३० पासूनचा भीषण दुष्काळ. महाबतखानाने वेढा घातला तेव्हा आत अंबरचा मुलगा फत्तेखान होता. अंबरकोट आणि महाकोट हे बाहेरचे दोन तट सुरुंग लावून फोडले गेले. बालेकिल्ला अजून शाबूत होता, पण आत अन्न नव्हते, रोगराई होती. जून महिन्यात फत्तेखानाने वाटाघाटी करून, पैसे घेऊन किल्ला सोडला. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर मराठ्यांना दौलताबाद मिळाला तोही तहाच्या कलमातून. तेव्हा "अजिंक्य" हा शब्द वापरायचा असेल तर तो तासलेल्या कड्यापुरता वापरावा, किल्ल्यासाठी नको.

आता आराखडा. मुलीला सांगा की एकाच पेन्सिलीने काढू नकोस. बाहेरून आत यावे. सर्वांत बाहेरचा अंबरकोट, जो परंपरेने मलिक अंबरच्या नावाने ओळखला जातो. त्याने वस्तीला कवेत घेतले आहे आणि शत्रूच्या तोफा आतल्या तटापासून दूर ठेवण्याचे कामही तोच करी. त्याच्या आत महाकोट. त्याच्याही आत, डोंगराच्या पायाशी, कालाकोट. त्यानंतर खडकात खोदलेला खंदक आणि तासलेला कडा. महाकोटाच्या प्रवेशद्वाराशी थांबून दहा मिनिटे तरी काढावीत: एकापाठोपाठ दरवाजे, मध्ये उंच भिंतींचे वळणारे चौक, दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीची धडक रोखणारे अणकुचीदार खिळे. पहिला दरवाजा फोडून आत आलेला माणूस चारही बाजूंनी वरून माऱ्यात सापडतो आणि समोर पुन्हा बंद दरवाजा असतो. हत्तीला पुढच्या दरवाजावर धावत येण्याइतकी सरळ जागा कुठेच ठेवलेली नाही.

महाकोटाच्या आत शिरल्यावर डावीकडे-उजवीकडे जे दिसते ते राजधानीचे सामान आहे, लढाईचे नव्हे. हत्ती हौद सुमारे ३८ मीटर लांबी-रुंदीचा आहे. आज तो कोरडा किंवा तळाशी पाणी असलेला दिसतो, पण त्याचे महत्त्व ध्यानात घ्यावे: एवढा मोठा साठा पायथ्याशी आहे, डोंगरावर आहेत ती खडकातली टाकी. भोवतालच्या डोंगरांतून खापरी नळांनी पाणी येथे आणले जाई. म्हणजे महाकोट पडला की वरच्या शिबंदीचा मोठा पाणीसाठा गेला, आणि नळ बाहेरच तोडले तर त्याहीआधी आटला. सरस्वती बारव जवळच आहे. हौदाजवळ कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या काळातली, १३१८ ची मशीद आहे. तिचे खांब आधीच्या मंदिरांचे आहेत, आणि हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसवली गेल्यामुळे आज ती भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. या एका इमारतीवर मुलीने तीन रंग लावले तरी चालतील. समोरचा चांद मिनार बहमनी सुलतान दुसऱ्या अल्लाउद्दीन अहमदशहाच्या काळातला, १४४५ च्या सुमाराचा. हा अल्लाउद्दीन वेगळा, हे प्रकल्पात स्पष्ट लिहावे. दोघांची गल्लत मी छापील पत्रकांतही पाहिली आहे.

कालाकोटात चिनी महाल आहे. निळ्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे भिंतीवर अजून दिसतात म्हणून हे नाव. गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने येथे कैदेत ठेवले आणि तो या कैदेतच वारला. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके असलेली, औरंगजेबाचे नाव कोरलेली. ती खुंटावर फिरते, पण कुठून कुठपर्यंत फिरते ते तिच्यामागे उभे राहून पाहावे. कोणत्या बाजूकडून धोका अपेक्षित होता हे तोफच दाखवते.

अंधेरीनंतर चढ मोकळा होतो. गणपतीचे मंदिर, मग शाहजहानच्या काळातली बारादरी. तो स्वतः १६३६ मध्ये दौलताबादला आला होता. आणखी वर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. ते या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ महाराज त्यांच्याकडे येथेच शिकले, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. पण मुस्लिम सत्तेखालच्या किल्ल्याची किल्लेदारी एका दत्तभक्त ब्राह्मणाकडे होती आणि त्याचा शिष्य त्याच किल्ल्यात हिशेब लिहायला शिकला, ही गोष्ट "कोणी बांधला" या रकान्यात बसत नाही. तिच्यासाठी प्रकल्पात वेगळी जागा ठेवावी. अगदी माथ्यावर तोफ आणि बुरुज आहे. तेथून अंबरकोटाची रेषा जमिनीवर किती लांबवर फिरली आहे ते दिसते. आराखड्याचा पहिला कच्चा खर्डा तेथेच बसून काढावा.

माझी चूक राहिली. सुरुवातीच्या काळात महाकोटाच्या तटाचा एक तुकडा मी यादवकालीन म्हणून नकाशावर दाखवला होता, कारण त्यात नक्षीचे दगड होते. बरोबरच्या अनुभवी मिस्त्रींनी मला भिंतीजवळ नेले आणि एका दगडावर बोट ठेवले. त्यावर अर्धे कमळ होते, पण आडवे. पाकळ्या आकाशाकडे असायच्या त्या डावीकडे वळलेल्या. दगडाच्या भोवती बोटभर चुना, आणि त्याच्या वर हातभर अंतरावर बंदुकीसाठी ठेवलेली जंगी, म्हणजे मारा करण्याचे भोक. "कमळ यादवांचं असेल साहेब, भिंत त्यांची नाही," असे ते म्हणाले. मंदिराचा दगड मंदिर पडल्यावरच भिंतीत जातो, आणि बंदुकीची जंगी बंदूक आल्यावरच ठेवली जाते. तेव्हापासून मी दगडावरून नव्हे, सांध्यावरून काळ ठरवतो. त्यातही सावधपणा हवाच: जंगी नंतर फोडलेली असू शकते, चुना दुरुस्तीचा असू शकतो, अलीकडच्या डागडुजीत दगडांमधल्या फटी नव्याने भरलेल्या असतात. एकट्या खुणेवर विसंबू नये. दोन-तीन खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच नाव लिहावे, नाहीतर त्या भिंतीवर "नंतरची भर" एवढेच लिहून सोडून द्यावे.

मुलीने रंगांची सूची करताना खडकात खोदलेल्या भागाला एक रंग, दगड-चुन्याच्या तटबंदीला दुसरा आणि तोफांसाठी केलेल्या बुरुजांना तिसरा द्यावा. राजघराण्यांची नावे त्यानंतर, कंसात. मार्च ते मे टाळून सकाळी लवकर जावे, पाणी जास्त घ्यावे, आणि या खेपेला वाटाड्याला अंधेरीऐवजी आधी हत्ती हौदाकडे न्यायला सांगावे.